शुक्रवारचा खलिता

कार्डिफ, मार्च १८६३

प्रिय लूशियस,

तू दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांच्या आरमारात आणि मी इथे अमेरिकेचा वाणिज्यदूत, तेव्हा हे पत्र तुला जाणार नाही. पण मेव्हण्याशिवाय हे सांगू तरी कुणाला?

इथे तुमच्यासाठी गुपचूप एक जहाज बांधताहेत, हे मी वॉशिंग्टनला कळवत होतो. मी जे जे कळवायचो ते तुमच्या माणसांना आधीच ठाऊक असायचं. माझा संशय कारकून प्रॉसरवर गेला. मी त्याला घरी बसवलं आणि ‘जहाज शुक्रवारी अडवतो’ हा खलिता स्वतःच लिहिला. जहाज गुरुवारीच निसटलं.

खलिता मी जेवणाच्या टेबलावर लिहिला होता. समोर फक्त तुझी बहीण अडेलिया विणत बसली होती.

“तू सांगितलंस?” मी विचारलं.

तिच्या सुया थांबल्या नाहीत. “जहाजावर लूशियस होता. तुम्ही त्याला फासावर चढवणार आणि मी तुम्हाला चहा ओतत बसणार, असं वाटलं होतं तुम्हाला?”

“आणखी काय काय सांगितलंस?”

“विचारू नका. म्हणजे मला खोटं बोलावं लागणार नाही.”

प्रॉसरची माफी मागून मी त्याला परत बोलावलं. सरकारला राजीनामा पाठवला. कारण दिलं, प्रकृती. आता बायकोचं पाऊल वाजलं तरी मी कागद उलटा ठेवतो.

मघाशी ती दारात येऊन म्हणाली, “कुणाला लिहिताय?”

“सरकारला,” मी म्हणालो, आणि तुझ्या नावावर हात ठेवला.

तुझ्या बहिणीचा नवरा,
एझ्रा