साखळीपासून वीस पावले

महाड, बुधवार, आश्विन वद्य पंचमी

ती. अक्काच्या पायांवर डोके ठेवून धाकट्या चारूचा नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? काढा घेतेस ना? (घेत नसशील, ठाऊक आहे मला.) इकडे सारी खुशाल आहोत असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

वरंधजवळ रस्ता दाबायचा वाफेचा रोलर कडेच्या भातखाचरात घसरून रुतला, आणि त्या रस्त्याचे ओव्हरसियर आमच्याच घरचे. आधी बारा बैल लावले. बैलच गुडघाभर गेले. मग घाटावरच्या एका मळेवाल्याचा ट्रॅक्टर आणवला. मला घरी धीर निघेना, तेव्हा डबा द्यायच्या निमित्ताने बैलगाडी करून मीही गेले. पहिल्याच ओढीला साखळीची एक कडी उघडली आणि सुटलेले टोक असे सणाणत गेले, की बांधावरच्या शेवग्याची मनगटाएवढी फांदी खाली आली. अक्का, तेवढ्याच उंचीवर रोलरवर हे बसले होते, चाक वळवायला. खाली उतरा म्हणावे, तर चारचौघांत बायकोने साहेबाला उतरवले असे व्हायचे. मी आपली एवढेच म्हणाले, "दहीभात आंबेल." हे म्हणाले, "आंबू दे."

ट्रॅक्टर चालवणाऱ्या सदूने साखळी पुन्हा अडकवली आणि सगळ्यांना वीस पावले लांब घालवले. माणसे निमूट गेली, आणि ट्रॅक्टर घुरघुरला तशी परत येऊन साखळीला हात लावून ओळीने उभी राहिली. (घराची तुळई असो की लाकडाचा ओंडका, ओढताना गावाचा हात लागलाच पाहिजे, ही इकडची रीत.) सदूने कपाळाला हात लावला. म्हातारे कोंडाजी त्याला समजावून म्हणाले, "पाव्हना एकटा ओढतोय नि आमी लांबून बघायचा? बरा दिसतो काय?"

"आवो, त्याच्यात वीस घोड्यांचं बळ हाय."

"घोडा तर एक पन दिसत नाय," रंगूबाई म्हणाली. "नि दमला मंग?"

मी डोळे मिटले. रामरक्षा म्हणू लागले, ती दुसऱ्या श्लोकालाच हरवली. साखळी ताणली जाताना कण्हते गं, माणसासारखी. डोळे उघडले तेव्हा रोलर रस्त्यावर होता, वर हे हसत होते, आणि ट्रॅक्टर पलीकडच्या खाचरात नाकापर्यंत गेला होता.

आता येत्या सोमवारी रोलरने ट्रॅक्टर ओढायचा आहे. साखळी तीच, कडी इथल्या लोहाराने ठोकून दिली आहे. रोलरवर पुन्हा हेच बसणार. कोंडाजींनी मदतीला शेजारची वाडीही सांगून ठेवली आहे.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी चारू

ता. क. शनिवारपर्यंत ह्यांना तार कर. तू आजारी आहेस असे घालू नकोस, मलाच पाठवतील. तुमच्या विहिरीत काहीतरी अवजड पडले आहे आणि पुण्यात कोणाकडूनच निघत नाही, असे घाल. मिळेल त्या गाडीने येतील.

पुन्हा ता. क. साखळी धरणाऱ्यांत मीही होते. हे तिथे वर बसलेले असताना मी वीस पावले लांब कशी राहणार? तळहातावर कडीचा वळ अजून आहे. ह्यांना तव्याचा चटका म्हणून सांगितले आहे, तेव्हा तूही तेच सांग.