छत्तीस मिनिटांचा व्हिडिओ

१७ नोव्हेंबर, रविवार

बंद केलं! अख्खं चॅनेल! तीन वर्षांचं काम, एकशे बारा व्हिडिओ – सगळं गायब. दुपारी लाइव्ह गेलो होतो, आजोबांची रायफल पुसत. संपल्यावर तासाभरात व्हिडिओ कंपनीचं पत्र आलं – ‘थेट प्रक्षेपणात बंदूक हाताळणे आमच्या नियमांत बसत नाही.’ खाली सहीसुद्धा नाही कुणाची.

अरे, मी काय शिकवतो? जुन्या बंदुकांचा गंज कसा काढायचा, फुटलेला लाकडी दस्ता कसा सांधायचा. चोर आहे मी?

आई डबल ड्युटीवर. सांगायलाही कुणी नाही घरात.

१८ नोव्हेंबर

अर्लमामाच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात आज चहापाण्याला वाव नव्हता, नुसता आरडाओरडा. हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर, त्यामुळे शेगडीभोवती सात-आठ जण रायफलींवर दुर्बिणी बसवून घ्यायला आलेले. गस म्हणजे निवृत्त ट्रक ड्रायव्हर, आवाज अजून हॉर्नसारखाच. म्हणाला, “आज पोराचं तोंड बांधलं, उद्या आपलं बांधतील! घटनेत लिहिलंय की नाही, बोलायचं स्वातंत्र्य?”

सगळे – “लिहिलंय!”

अर्लमामा मान वर न करता, “गश्या, मागच्या महिन्यात शिव्या दिल्यास म्हणून तुला आठवडाभर दुकानाबाहेर ठेवला होता मी. तेव्हा घटना कुठं होती?”

“तुझं दुकान आहे, मी समोरच्या दुकानात गेलो. या व्हिडिओवाल्यांचं कसं? अख्खं जग त्या एकाच दुकानात बोलतंय. पोरानं जायचं कुठं? धान्याच्या कोठारात जाऊन बोलायचं?”

हशा. मीही हसलो. बरं वाटलं. सगळे ‘आपण’ म्हणत होते.

पाच वाजले आणि सगळे ‘आपण’ आपापल्या घरी जेवायला गेले.

१९ नोव्हेंबर

ब्रिनचा मेसेज नाही.

२० नोव्हेंबर

न राहवून मीच फोन लावला. सप्टेंबरात आम्ही वेगळे झालो, त्यानंतर पहिल्यांदा. आवाज ऐकला आणि पाठ केलेलं सगळं विसरलो.

ती आधी म्हणाली, “कसा आहेस?” मी म्हणालो, कसा असणार, मुस्कटदाबी चाललीय! आणि सुटलोच. ती कायद्याची तयारी करतेय, तिला तरी कळायला हवं होतं.

“एमेट, घटनेतली ती तरतूद सरकारचे हात बांधते. कंपनीचे नाही. त्यांच्या भिंतीवर काय लावायचं ते तेच ठरवणार.”

“म्हणजे तू त्यांच्या बाजूची!”

“मी कुणाच्या बाजूची नाही. नियम आंधळा आहे, हेही खरंय – दस्ता सांधणारा आणि दंगा करणारा त्यांना एकच. पण मी तुला विचारलं काय, तू सांगतोयस काय? कसा आहेस?”

मी म्हणालो, “तू कॉलेजात बस नियम घोकत. मी सोडलं ते बरंच केलं.” ती मग म्हणाली, “जेवतोस का नीट?” – जेवतोस का! माझा अख्खा आवाज बंद केलाय आणि ही जेवणाचं विचारतेय. मी तोडून बोललो. फार तोडून. इथं लिहीत नाही ते.

खरं सांगू? चॅनेल गेल्याचं एवढं दुःख नाही. प्रत्येक व्हिडिओखाली पहिली कमेंट तिची असायची. ‘नखं काप रे’, ‘तो शर्ट जाळ’, असलं काहीतरी. आम्ही वेगळे झाल्यावरही एकदा आली होती, नुसता एक ठिपका. बस, ठिपका. तोही पुसला त्यांनी.

२२ नोव्हेंबर

स्थानिक रेडिओवर बोलावलंय, सोमवारी सकाळी! गसनं जमवलं. अर्ज लिहिलाय, एकशे चाळीस सह्या. गस म्हणतो, “तू आता एकटा नाहीस, पोरा. तू एक मुद्दा आहेस.”

दिवसभर आरशासमोर भाषण केलं. मुद्दा होणं चांगलंच असेल. मग इतकं रिकामं का वाटतंय?

एकशे चाळीस सह्या. त्यातल्या एकानंही विचारलं नाही, पोरा, त्या व्हिडिओत तू बोललास काय?

मलाही नीट आठवत नाही.

२३ नोव्हेंबर

आईनं हरणाचं सॉसेज ठेवलंय फ्रिजमध्ये. खाल्लं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

रेडिओवाल्या बाईंना व्हिडिओची प्रत हवी होती. कंपनीकडे मागितली तर दिली त्यांनी – जे तुमचं ते तुम्हाला परत! सकाळी बसून पाहिला. पहिल्यांदाच.

छत्तीस मिनिटं. दस्त्याबद्दल, गंजाबद्दल एक शब्द नाही. मी ब्रिनबद्दल बोलतोय. कॉलेज सोडल्याबद्दल बोलतोय. मग सात मिनिटं काहीच बोलत नाही, नुसतं फडकं फिरवतोय, एकाच जागी. मग म्हणतोय, “हा शेवटचाच व्हिडिओ बहुतेक. कुणाला काय फरक पडणार आहे.” आणि हसतोय. तसं हसताना मी स्वतःला कधी पाहिलं नव्हतं.

आणि रायफलचा बोल्ट – गोळी भरायची खिट्टी – बंद आहे.

मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा अर्लमामानं शिकवलं – रायफल हातात आली की आधी बोल्ट उघड, आत गोळी नाही ना ते बघ, समोरच्याला दाखव, मग बाकीचं. समोरच्यानं आत्ता दाखवली असली तरी तू पुन्हा दाखव. आमच्याकडे लोक नमस्कार विसरतील, हे विसरत नाहीत. मी छत्तीस मिनिटं विसरलो. विसरलो? की उघडून बघायचं नव्हतं?

तडक आजोबांची आणि माझी, दोन्ही रायफली गाडीत घातल्या आणि मामाच्या घरी गेलो. तो अंगणात लाकडं फोडत होता. मी बोल्ट उघडले, दाखवले. म्हणालो, “थोडे दिवस तुझ्याकडे राहू देत.”

“मोसम शनिवारी उघडतोय,” तो म्हणाला.

“माहितीय.”

त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. दोन्ही रायफली आत नेऊन कपाटात लावल्या, किल्ली खिशात. बाहेर येऊन म्हणाला, “गेल्या वर्षी शेजारच्या डेलची बायको गेली तेव्हा त्याच्या पाच रायफली इथंच ठेवल्या होत्या. वसंतात घेऊन गेला.” मग, “आत ये. सूप आहे. आज इथंच झोप.”

आईला त्यानंच फोन केला. मी दोन वाडगे खाल्ले.

२५ नोव्हेंबर

रेडिओला नाही म्हणून कळवलं. गस भडकला, “पळपुटा! एकशे चाळीस माणसं उभी केली तुझ्यामागे!” मामा एवढंच म्हणाला, “गस, बाहेर.” उद्या डॉक्टरकडे नेणार आहे मला. मी नको म्हणालो नाही.

नियमावर माझा राग अजून आहेच. पण तो माझ्या दुःखापासून वेगळा झाला.

२६ नोव्हेंबर

ब्रिनचा फोन. “तुझी तक्रार मी केली होती, एमेट. तक्रारीच्या फॉर्मवर बंदुकीच्या खान्यात खूण केली नव्हती. ‘या माणसाच्या जिवाला धोका आहे’ त्या खान्यात केली होती. त्यांनी फक्त बंदूक बघितली.”