डाट बसल्याचा आवाज

नागपूर,
दि. २५ नोव्हेंबर २०२५

ती. टिकाराममामांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर मी विचारलं की पाठीवर किती ओझं घेऊन चार दिवस चालवेल, तर तुम्ही सांगितलंत की धान अजून खळ्यावरच आहे. पुन्हा विचारलं तर म्हणालात, मामी बरी आहे. तुम्ही म्हणता तसं टॉवरचंच दुखणं असणार. म्हणून हे पत्र. पोस्टमनला तरी टॉवर लागत नाही.

बातमी अशी की आमच्या संस्थेची पदयात्रा ठरली. २३ ते २६ जानेवारी, सौंदड स्टेशनपासून बोदलकसापर्यंत, तलावातलावांच्या काठानं, लहान बोड्या आणि धानाच्या बांध्यांमधून. बावीस जण येणार. प्रत्येकाच्या चालण्यासाठी त्याच्या ओळखीचे लोक देणगी देतात आणि ती गावतलावांतला गाळ काढायच्या कामाला जाते. पहिला मुक्काम तुमच्या तलावाच्या पाळीवर आहे, आणि पहिल्या दिवसाची सगळी जबाबदारी हेमेंद्रसरांनी माझ्यावर टाकली आहे. ते आमचे प्रमुख. एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळालं आहे. मी बिनधास्त सांगून टाकलं की पहिल्या दिवशी वाट दाखवायला माझे मामा असतील. त्या तलावाच्या पाण्याची चाळीस वर्षांची राखण ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याहून चांगला वाटाड्या कुठला?

तर मामा, हो म्हणा आणि पाठीवर काय घ्यायचं तेही कळवा. मामींना नमस्कार. पत्राला उत्तर यावं, नाहीतर मीच येऊन बसेन.

तुमची,
हर्षा


दि. ४ डिसेंबर २०२५

चि. हर्षा हिस,
मामाचा नमस्कार. आपल्याकडे मामानं भाचीच्या पाया पडायचं, त्यामुळे आशीर्वाद लिहिताना माझा हात नेहमी अडतो. तू आशीर्वाद समजून घे.

चालण्यासाठी लोक देणगी देतात हे वाचून तुझ्या मामीनं कपाळाला हात लावला. ती म्हणे, आमचे हे जन्मभर फुकटच चालून राहिले. असो. वाट मी दाखवीन, त्यात विचारायचं काय?

सामान सांगतो. पिशवीत पोहे, गूळ, एक दुपट्टा, मोज्यांचे दोन जोड आणि खोबरेल तेल. बाकी जे घेशील ते तिसऱ्या मैलावर शिव्या खाईल. हातात काठी प्रत्येकाच्या. चिखलात आधी काठी, मग पाय, आणि टाच रोवायची नाही, अख्खा तळवा ठेवायचा. तू सहा वर्षांची असताना बांधीत टाच रोवून बसली होतीस आणि तुला काढताना माझी चप्पल गेली ती अजून तिथंच आहे.

मंडळींना तुडूम दाखवीन. शहरातल्यांना सांग, तुडूम म्हणजे पाळीच्या, तलावाच्या बांधाच्या, पोटातलं पाणी सोडायचं दार. त्याला लाकडी डाट, म्हणजे बूच, असतो, तो ठोकून बसवायचा. तुडुमाचं दुसरं तोंड पाळीच्या पल्याड काटेरी झुडपांत आहे. तुझ्या आजोबांनी मला शिकवलं होतं की उतरून बघत बसायचं नाही, तुडुमाच्या दगडाला कान लावायचा. आतली घुरघुर थांबली की डाट बसला. बाबांनी कधी उतरून पाहिलं नाही, मीही नाही.

फोन करत जाऊ नकोस, टॉवर फार वाईट झाला आहे. पत्रच बरं. लोभ आहे तो कमी होऊ देऊ नये.

तुझा,
टिकाराममामा


नागपूर,
दि. १३ डिसेंबर २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची यादी मी सगळ्यांना वाचून दाखवली. खोबरेल तेलावर हसले, पण सगळ्यांनी लिहून घेतलं. रोज सकाळी पिशवीत आठ किलो तांदूळ भरून फुटाळा तलावाला दोन फेऱ्या मारते. आई म्हणते, हमाली करायला एवढी शिकलीस का! खांदे आता दुखत नाहीत. मला खात्री आहे मामा, चार दिवस मी हसत चालेन.

मंडळींत राखीताई म्हणून एक बाई आहेत. त्यांनी या चालण्यासाठी भारी बूट घेतले आहेत आणि रोज विचारतात की पाणी आत जाईल का. तुमच्या तलावाच्या पूर्वेकडून येताना गुडघाभर पाणी लागतं हे मी सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. मग मी म्हटलं, घाबरू नका, माझे मामा आहेत, पाणी त्यांच्या शब्दाबाहेर नाही. तेव्हा कुठे त्या हसल्या.

गुळाची पहिली भेली माझ्यासाठी राखून ठेवा. आठवण काढत राहावी, म्हणजे मला इकडे उचक्या लागतील.

तुमची,
हर्षा


दि. २९ डिसेंबर २०२५

चि. हर्षाले,
मामीचा आशीर्वाद. मी सांगून राहिली आणि सूनबाई गुंजन लिहून राहिली. तुझे मामा पत्र लिहीत नाहीत, जेवतही धड नाहीत, म्हणून मलेच लिहा लागलं.

तुझं पत्र आलं आणि यांच्या डोक्यात घुसलं की भाचीचे पाहुणे येऊन राहिले, त्याइचे पाय ओले व्हायचे नाहीत. पाहुणा येणार म्हटलं की आपण अंगण सारवतो, तसं हे तलाव सारवाले गेले. हातभर पाणी कमी करतो म्हणाले, पूर्वेची वाट कोरडी पडेल. मागच्या सोमवारी सकाळी तुडूम उघडलं, दुपारी डाट ठोकला, दगडाले कान लावला आणि घरी आले. डाट बसलाच नव्हता. मी तिरोड्याले लेकीकडे होती, गाव धानाच्या गडबडीत. तीन दिवस पाणी जाऊन राहिलं, बाई. ईश्वरदासनं पाहिलं, तो ढिवरांचा पुढारी, तलावात त्याइची मासोळी. तो पाळीवरून ओरडला की भाऊ, पाणी जाऊन राहिलं, आयकत काऊन नाही! हे पाठमोरे चालतच राहिले. त्यानंच मग मातीची पोती कोंबून तोंड बुजवलं. अर्ध्याहून जास्त तलाव गेला.

आता खरं सांगते. तुझ्या मामाले आयकू येत नाही. दोन वर्षं झाले. टॉवरले काही नाही झालं. मले शपथ घातली होती, पण तलाव गेल्यावर कायची शपथ?

गावची बैठक झाली. सगळे म्हणाले, डाट आता दुसऱ्याच्या हाती द्या. जानेवारीत ठरवतो म्हणाले. चाळीस वर्षांचं काम आहे, हर्षा. ते हातून गेलं तर हा माणूस उभा राहायचा नाही. हे म्हणतात, पोरीले लिहा की दुसरी वाट पाहा, मामाले तोंड दाखवता येत नाही. मले वाटते तू यावं. माया राहू दे.

वच्छलामामी


नागपूर,
दि. ३ जानेवारी २०२६

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामींचं पत्र मिळालं. मला तुमचा राग आला आहे, आणि तो पाण्यासाठी नाही. दोन वर्षं मी टॉवरला शिव्या दिल्या. गेल्या दिवाळीत तुमच्या पाठीमागे उभी राहून हाका मारल्या आणि तुम्ही वळला नाहीत, तेव्हा मला वाटलं की तुम्ही माझ्यावर रुसलात. मी स्टेशनपर्यंत रडत गेले. सांगितलं असतंत तर तुमच्या समोर येऊन बोलले असते, एवढंच ना?

आणि चूक माझीही आहे. पाणी तुमच्या शब्दाबाहेर नाही ही फुशारकी मीच मारली होती.

आता ऐका, म्हणजे वाचा. वाट बदलणार नाही. हेमेंद्रसर म्हणाले, पाणी नसलेला तलाव कशाला दाखवायचा, आणि ज्याला मागची हाक ऐकू येत नाही त्याला पुढे कसं चालवायचं. दोन्ही प्रश्न रास्त होते. मी म्हटलं, आपण गाळासाठी चालतो आहोत, तर उघडा पडलेला गाळ पहिल्याच दिवशी बघू आणि दोन तास स्वतः उचलू. दुसऱ्याचं उत्तर मी आहे. मी तुमच्या उजव्या खांद्यामागे चालेन. काठीनं खांद्याला एकदा टोचलं तर थांबायचं, दोनदा टोचलं तर मागे कोणी अडकलं आहे. सरांनी दोन दिवस घेतले आणि हो म्हणाले. ईश्वरदासकाकांना मी स्वतः पत्र लिहून माफी मागितली आहे आणि घमेली मागितली आहेत.

यात्रेनंतर कानाच्या डॉक्टरांकडे जायचं, दिवस ठरवला आहे. लपून बसू नका. भाचीचा राग दाराशी येईल, त्याला पाट द्यावा.

तुमची,
हर्षा


दि. ३० जानेवारी २०२६

चि. हर्षा हिस,
मामाचा नमस्कार.

बोदलकसाला सगळे सुखरूप पोचलात हे कळलं. तुला वाटेत एकही फोड आला नाही हे वाचून मी मामीला म्हटलं, खोबरेल तेल.

त्या दिवशी सौंदडच्या फलाटावर तुम्ही बावीस पिशव्या घेऊन उतरलात तेव्हा मला परत फिरावंसं वाटत होतं. पण तू समोर आलीस, माझ्या तोंडाकडे बघून सावकाश बोललीस, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला कुणाचं सगळं बोलणं कळलं. वाटेत तू काठी टोचून टोचून माझा खांदा निळा केलास. एकदा टोचायचं की दोनदा, हे तुझं तुलाच आठवत नव्हतं. पूर्वेची वाट कोरडी होती, आणि तरी राखीताई काठावरच्या गाळात टाच रोवून गुडघ्यापर्यंत गेल्या. पायातून निसटून गाळात राहिलेला बूट मी काढला. त्या एवढ्या हसल्या की त्यांच्याकडे बघून मलाही हसू आलं.

ईश्वरदासचे लोक घमेली घेऊन येतील असं मला वाटलं नव्हतं. तो माझ्याशी बोलला नाही. पण माझ्या रांगेत उभा राहिला आणि माझ्या हातातून घमेलं घेत गेला. उथळ पाण्यात बगळे आणि करकोचे आले होते, तुमची मंडळी त्यांचे फोटो काढत होती, आणि सगळा गाव पाळीवर उभा राहून शहरातल्यांना चिखल वाहताना पाहत होता.

मग पोती काढून डाट नीट बसवायचा होता. तो दुसऱ्यानं ठोकावा असं मी बोलणारच होतो. तेवढ्यात तू सगळ्यांदेखत दगडावर आडवी झालीस, कान टेकवलास आणि मला हातानं खुणावलंस. मी ठोकत होतो आणि तुझ्याकडे बघत होतो. तुझ्या कपाळाला आठ्या होत्या. तू मान हलवलीस, अजून नाही. मी पुन्हा ठोकलं. पुन्हा नाही. मग एकदम आठ्या गेल्या. चाळीस वर्षं मी पाणी थांबल्याचं ऐकत आलो, हर्षा. त्या दिवशी ते तुझ्या तोंडावर पाहिलं.

तरी मी काटे तुडवत पल्याड उतरलो आणि डोळ्यांनी बघून आलो. थेंब नव्हता. बाबा रागावले असते, रागावू देत.

काल बैठक झाली. डाट माझ्याकडेच ठेवला. अट एक, बसवताना दगडाला दुसऱ्याचा कान हवा. ईश्वरदास म्हणाला, एरवी मी येतो. पण पावसाळ्याआधी तलाव भरायला मोठा डाट बसवतात त्याला कोण, असं पाटलांनी विचारलं, तर तोच म्हणाला की नागपूरच्या पोरीले बोलवा, तिचा कान पक्का हाय. गावाच्या पाण्याच्या वहीत तुझं नाव लिहिलं आहे. या घराण्यात पोरीचं नाव त्या वहीत पहिल्यांदाच आलं. तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी काढून ठेव.

डॉक्टरांकडे येतो. मशीन लावीन, पण दगडाशी तूच.

भाचीच्या पायांना नमस्कार. त्या दिवशी चिखलात तुझे पाय दिसत नव्हते, म्हणून राहिला होता.

तुझा,
टिकाराममामा