प्रभूच्या गाण्यात शिकारीची शिंगं

हिल्डेनरोडा, ईस्टरनंतरचा बुधवार

तीर्थस्वरूप एरेनफ्रीडदादा यांस,

धाकट्या बाल्थाझारचा इथूनच वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? तुमच्या ऑर्गनच्या भात्यातले उंदीर गेले का? (इथले आहेत. मला त्यांचा हेवा वाटतो, त्यांना नोकरी जायची भीती नाही.)

माझं म्हणाल तर चर्चमधली संगीतकाराची नोकरी टांगणीला लागलीय. सोमवारी चर्चसमितीपुढे उभं राहायचंय. झालं असं, की ईस्टरआधी आठवडाभर मी तापानं फणफणलो होतो आणि सणाला नवं संगीत तर हवंच. मग ड्यूकसाहेबांच्या वाढदिवसाला रचलेलं शिकारगाणं काढलं आणि ‘धावा रे सशामागे’च्या जागी ‘धावा रे प्रभूमागे’ बसवलं. (अगदी चपखल बसलं हो!) आमची डोरोथिया म्हणाली, "अहो, निदान ती शिंगं तरी काढा!" मी ऐकलं नाही.

शिंगं वाजली मात्र, बाहेर बांधलेले ड्यूकसाहेबांचे बारा शिकारी कुत्रे दोर तोडून आत घुसले. एक तर थेट प्रवचनाच्या चौथऱ्यावर चढला. (पाद्रीबुवांचा झगा आता गुडघ्यापर्यंतच उरलाय.) सज्जात घोरत असलेले ड्यूकसाहेब ताडकन उठून ओरडले, "कुठाय? कुठाय ससा?"

प्रार्थना संपताच बुवा माझ्यावर कडाडले, "क्रोनर, देवाच्या घरात शिकारीची चाल?"

भीतीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही बुवा, ही मुळात भजनाचीच. शिकारीला नंतर वापरली."

ड्यूकसाहेब खूश. "म्हणजे सशामागे धावतानाही मी भक्तीच करत होतो तर!"

बुवा मात्र शांतपणे म्हणाले, "मग ते जुनं भजन सोमवारी समितीला दाखव. आणि बायबलवर हात ठेवून सांग."

दादा, कुठून दाखवू? नोकरी गेली की चर्चनं दिलेलं घरही जाणार, आणि डोरोथियाला आठवा लागलाय. ती रोज पाळणा पुसते आणि माझ्याकडे बघते.

तुमचा हवालदिल,
बाल्थाझार

ता. क. : ही चाल तुमची आहे. तुमच्याकडे शिकायला होतो तेव्हा कपाटातून उतरवून घेतली होती (तुम्ही जेवायला गेला होतात). रागवा, पण नंतर. आधी तिच्यावर एखादं स्तोत्र बसवून, वीस वर्षांपूर्वीची तारीख घालून, रविवारच्या आत धाडा.

ता. ता. क. : डोरोथिया म्हणते, ही चाल तिनं लहानपणी माहेरच्या बिअरच्या गुत्त्यात ऐकलीय. तुम्ही ती कुठून घेतलीत ते कृपा करून कळवू नका. मला शपथ घ्यायचीय.