अध्यक्षपदाची चढण

२१ जानेवारी १९६३, सोमवार

निर्णय पक्का. यंदा जटेश्वर यात्रा कमिटीचा अध्यक्ष मी.

इतर गावांत अध्यक्ष मतांनी होतो, आमच्याकडे पायांनी. महाशिवरात्रीला पहाटे पंचमंडळी नदीवर लोटे भरतात आणि संत्र्यांच्या बागांमधून चार मैल डोंगर चढतात. ज्याचं पाणी पिंडीवर आधी पडेल तो वर्षभर अध्यक्ष. वाटेत लोटा जमिनीला टेकला की माणूस बाद, पुढची पाच वर्षंही बाद.

रंगराव बागाईतदार सलग तीन वर्षं पहिला येतो. माणूस काडीसारखा, शिक्षण चौथी. मी डोक्यावर पाटी घेऊन संत्री विकत सुरुवात केली, आज वरवट बकालात फळांची आडत आहे. नुसत्या पायांनी का कोणी मोठा होतो?

२२ जानेवारी

गजर चारचा लावला. बरोबर चारला वाजला. घड्याळ उत्तम आहे. पहिल्याच दिवशी शरीराला धक्का देऊ नये म्हणून सातला उठलो.

२४ जानेवारी

अकोल्याहून कॅनव्हासचे बूट आणवले. बाकीचे पंच अनवाणी चढतात, पण तसा नियम नाही. चौकशी केली. सौ. सत्यभामा म्हणाली, "बूट पयतीन बरोबर. तुमी काऊन जाता त्यायच्या संगं?" बायकांना स्पोर्ट कळत नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला भाषण केलं. चीनचं संकट दारात असताना प्रत्येक नागरिकानं शरीर कमावलंच पाहिजे. टाळ्या. भाषण पाऊण तास चाललं, त्यामुळे आजचा सराव राहिला.

२९ जानेवारी

धावण्यास प्रारंभ. आडतीवरचा हमाल कडूबा घड्याळ घेऊन सोबत. नदी ते दयारामची बाग, पाऊण मैल. पहिला फर्लांग विलक्षण वेगात. मागं कुत्री होती हे खरं, पण कुत्री सगळ्यांच्याच मागं लागतात, सगळे एवढे पळत नाहीत. दयारामनं संत्री पुढं केली. यात्रेच्या वाटेवर नाही म्हणू नये. अकरा खाल्ली. कडूबानं विचारलं, "शेठ, घड्याय चालू ठेवू का बंद करू?" बंद करायला सांगितलं. बसलेला वेळ धरत नाहीत.

५ फेब्रुवारी

आजपासून आहारावर कंट्रोल. संध्याकाळी फक्त भरीत आणि दोन भाकरी. भरीत उरलं. अन्न टाकणं बरं नव्हे म्हणून आणखी दोन भाकरी. त्या संपेपर्यंत भरीत संपलं, मग पुन्हा थोडं घ्यावं लागलं. ही सगळी चूक वाढणाऱ्याची.

९ फेब्रुवारी

माझे कान तिखट आहेत. धंद्यात मी डोळ्यांपेक्षा कानांवर कमावलं. आज हॉटेलात पाठ करून बसलो होतो. मागच्या बाकावर रंगराव आणि आमचे वडीलधारे पंच उकंडराव.

रंगराव म्हणत होता, "गुडघा लय कुरकुरून राह्यला यंदा. त्यात बाग द्याची हाये. कोणाले द्यावी, समजून नाही राह्यलं."

उकंडराव म्हणाले, "शेठले विचार ना बे."

"शेठ पयून राह्यले बावा. त्यायले कुठं टाइम?"

एका चहात दोन गुपितं. गुडघा गेला आणि बागेचा बहार विकाऊ. रंगरावानं मला मुळीच पाहिलं नाही. जाताना माझ्यासाठी दुसरा चहा सांगून गेला, तो सवयीनं.

१५ फेब्रुवारी

आज निम्म्या डोंगरापर्यंत. उरलेला निम्मा खाली बसून मनानं चढलो. मनानं चढताना दम अजिबात लागत नाही. म्हणजे तयारी पूर्ण आहे, पाय तेवढे मागं आहेत.

२२ फेब्रुवारी, महाशिवरात्र, दुपार

शांतपणे लिहितो.

सुरुवातीला मी पहिला. रंगराव धोतर खोचत होता. उजव्या हातात लोटा, पायात बूट, दोन्ही बाजूंना संत्र्यांचा वास. बायाबाप्ये ओरडत होते, "शेठ, धीरानं! पाणी सांडून राह्यलं!" दोन मैल कोणी जवळसुद्धा नाही. तिसऱ्या मैलावर रंगरावाची बाग लागते. तिथं तो शेजारी आला आणि पळता पळताच म्हणाला, "शेठ, दुपारी शेगावचा व्यापारी येऊन राह्यला. पण पहिला मान तुमाले. बोला."

वाटेकडची झाडं फळांनी वाकलेली, फांद्यांना बांबूचे टेकू. माझे पाय आपोआप थांबले. अध्यक्षपद दर वर्षी येतं, असा बहार येत नाही.

बागेचा भाव आमच्याकडे तोंडानं होत नाही. खांद्यावरचा दुपट्टा हातांवर टाकायचा, खाली बोटं दाबून आकडा सांगायचा. हात काढला की सौदा मोडला. माझा डावा हात दुपट्ट्याखाली, उजव्यात लोटा. रंगरावाचा लोटा संत्र्याच्या फांदीवर. त्यानं लोट्याच्या गळ्याला सुतळी बांधून आणली होती. बोटांवर बोटं चढली. मी त्याला दाबत दाबत चांगला खाली आणला. तो अगदी रडकुंडीला आला.

"ठीक हाये शेठ, तुमी जितले. आता दोन्ही हात द्या, म्हंजे पक्कं."

सौदा दोन्ही हातांनीच पक्का होतो, ही पद्धत आहे. मी लोटा एका स्वच्छ, सपाट दगडावर ठेवला आणि दोन्ही हात दिले.

मागून काठी टेकत उकंडराव आले. विचारलं, "नारायणराव, लोटा कुठी हाये?"

मी म्हणालो, "हा काय, खाली."

लगेच खुलासा केला की दगड म्हणजे जमीन नव्हे. उकंडराव म्हणाले, "मंग दगड काय आभायात हाये का?"

रंगरावानं फांदीवरून लोटा काढला आणि गेला. गुडघ्याचा आवाज मला तरी आला नाही.

२३ फेब्रुवारी

पंचांची बैठक. रंगराव चौथ्यांदा अध्यक्ष. मी पाच वर्षं बाद. ठीक आहे. त्याला पद मिळालं, मला बाग. फसलं कोण, ते फळांच्या तोड्याला दिसेल.

२४ फेब्रुवारी

बाग आतून पाहिली. वाटेकडच्या दोन ओळी खरोखर लदलेल्या. त्यामागं शेंडे वाळलेले, फळ लिंबाएवढं, तेही कुठं कुठं. वीस वर्षं मी आतल्या ओळींत हिंडल्याशिवाय बाग घेतलेली नाही. पण धावताना नजर समोर ठेवावी लागते, त्याला इलाज नाही. सत्यभामेला सांगितलं. तिनं दारातले बूट उचलून पाहिले. मग म्हणाली, "बूट तरी चांगले हायेत."

२६ फेब्रुवारी

सौदा झाला की तोड्यापर्यंत राखण घेणाऱ्याची. बागेत वानरांची टोळी उतरते ती दिवस उजाडताना. वाट अशी की बैलगाडी चढत नाही. कडूबाला जायला सांगितलं तर म्हणाला, "शेठ, मी हमाल हावो. वानरायशी माह्यं वैर नाही." शेवटी मीच गेलो. तीन मैल चढ, तीन मैल उतार, येताना डोक्यावर पाटी.

२७ फेब्रुवारी

गेलो.

२८ फेब्रुवारी

गेलो. रंगराव हॉटेलात बसलेला दिसला. सकाळी त्याला आता काही काम नसतं.

२० मार्च, बुधवार

वीस दिवस लिहायला वेळ नव्हता. आज बागेत पोचलो तेव्हा उजाडलंही नव्हतं, दमही लागला नव्हता. म्हणून तसाच पुढं देवळापर्यंत गेलो. महिन्यात पहिल्यांदाच. नदीपासून जटेश्वर, डोक्यावर दोन रिकाम्या पाट्या, वाटेत कुठंही न थांबता: बावन्न मिनिटं. रंगरावाला यात्रेच्या दिवशी एक तास दहा लागले होते.

वर कोणी नव्हतं. पुजारी तुळशीराम अंगण झाडत होता. त्याला सगळं सांगितलं. बावन्न, एक तास दहा, दोन पाट्या. त्यानं झाडणं थांबवून नीट ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "रोज बागेत येऊनच राह्यले तं उद्या येतानी मीठ आणजा, शेठ. वरतं सरलं."