विहिरीचा रकाना

नाशिक,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

तीर्थस्वरूप मामांना तृप्तीचा नमस्कार. आशामामीलाही.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा थंडीत धरतो, पण माझ्यावर रागवायला तिला गुडघा लागत नाही. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र तिच्याच हाती देतेय. पाकीट मुद्दाम चिकटवलंय. कागद आला की तुम्ही चष्मा शोधून शेवटपर्यंत वाचता, हे मला माहीत आहे. मामी, मध्येच हातातून काढून घेऊ नकोस.

शेवंतीला यंदा बाजार बरा होता म्हणे. पांढरी अजून निघतेय का? परवा कोपऱ्यावरच्या बाईकडून मी पाव किलो घेतली. आयुष्यात पहिल्यांदा फुलं विकत घेतली, भाव विचारताना जीभ अडखळली. घरी आणून नुसती परातीत ठेवली.

संक्रांतीला आले नाही. काम होतं.

काम नव्हतं, मामा. तुमच्यासमोर यायचं धाडस नव्हतं. नोव्हेंबरातल्या त्या मोजणीबद्दल लिहायचं आहे आणि मी शेवंतीचे भाव विचारत बसलेय.

रस्त्यात जाणाऱ्या गटांच्या यादीत तुमचा गट निघाला, घरासकट सगळा सव्वा एकर, तेव्हाच मी साहेबांना सांगायला हवं होतं की हे माझे मामा, या मोजणीत मी नको. तसा नियमच आहे. पण नोकरीला वर्षही झालं नव्हतं, आणि वाटलं, कोणीतरी परका येऊन उरकून जाईल, त्यापेक्षा मी नीट मोजेन. आईला मी हेच सांगितलं. गेले तीन महिने स्वतःलाही हेच सांगतेय.

त्या दिवशी तुम्ही वाफ्यातून धावत आलात, पाय चिखलाचे, डोक्याला टॉवेल. मामाने भाचीच्या पाया पडायचं ही आपली रीत. दर भाऊबीजेला मी पाय मागे घेते आणि तुम्ही "गप उभी राहा" म्हणून दटावता. तसेच सगळ्यांसमोर वाकलात. साहेब हसले. म्हणाले, "बाबा, मॅडमच्या पाया पडून गट सुटत नसतो." मग माझ्याकडे वळून विचारलं, "ओळखीचे आहेत का?"

मी म्हटलं, "नाही."

नियमाच्या भीतीने म्हटलं असं मी आईला सांगितलंय. ते खोटं आहे. मला लाज वाटली. तुमच्या चिखलाच्या पायांची, त्या टॉवेलची. बाबा गेल्यावर ज्यांनी मला सातव्या वर्षी खांद्यावर बसवून मळ्यात आणलं, त्यांची मला चार माणसांसमोर लाज वाटली.

शेजारचे सावळीरामबाबा बोलायला पुढे झाले. त्यांनी मला परकरात पाहिलंय, ते गप्प कसे बसतील? तुम्ही त्यांचा हात दाबलात आणि मला म्हणालात, "मॅडम, पाणी घेता का? उन्हाचं आलात." मग हद्दीचे दगड दाखवत पुढे चालत राहिलात. एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत.

आता विहिरीचं. ती घरामागे, आणि मामी ओट्यावर उभी होती. तिने "तृपे" म्हणून हाक मारली असती की सगळं उघडं पडलं असतं. म्हणून मी घरामागे गेलेच नाही. पत्रकात विहिरीचा रकाना कोरा सोडला. न बघता लिहिलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? वाटलं, ऑफिसात बसून भरू. तिथे कोऱ्या रकान्यांवर कोणीतरी "नाही" लिहून पत्रक पुढे पाठवलं. मी ते पाहिलं आणि बोलले नाही. खाली तुमची सही होतीच. वाचून करा, असं साहेबांनी सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "मॅडमनी लिवलंय, बरोबरच आसंल."

आई आणि मी मळ्यावर आलो त्या वर्षी तुम्ही ती विहीर आणखी दोन परस खोल नेलीत. मामी आजही सांगते, तुम्ही म्हणाला होतात, "पोरीच्या शाळंला शेवंतीचे चार वाफे जास्तीचे लागतील." त्या पाण्यावर मी शिकले. त्या शिक्षणावर ही नोकरी लागली, आणि ती विहीर आहे असं एक अक्षर मला लिहिता आलं नाही.

मागच्या आठवड्यात आईने सांगितलं, विहीर नाही म्हणून नोटिशीत तुमची जमीन कोरडवाहू लागलीय, मोबदला बागायतीपेक्षा कितीतरी कमी धरलाय. सावळीरामबाबा हरकत घ्या म्हणून मागे लागले, तर तुम्ही म्हणालात, "हरकत घेतली का कोण मोजाया आलं व्हतं ते निघंल. पोरीची नोकरी जाईल. जमीन चाललीच हाय, इहीर काय डोक्यावर घेऊन जायचीय?" हे सांगताना आई रडत होती आणि मी भात वाढत होते. तिचं ताट भरलं तरी वाढतच होते.

परवा शुक्रवारी मी साहेबांना अर्ज दिला. खंडेराव हे माझे सख्खे मामा आहेत, ते मी लपवलं. त्यांच्या गटात चालू विहीर आहे आणि मी ती बघायला गेले नाही. साहेबांनी दोनदा वाचला. म्हणाले, "मॅडम, चौकशी लागेल. कदाचित घरी बसावं लागेल." बसेन म्हटलं. यात माझा मोठेपणा काही नाही. उशीर किती झालाय ते मला कळतं.

याने जमीन वाचणार नाही, मामा. तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. सोळा तारखेला, सोमवारी, ताबा घ्यायला येतील. उभ्या पिकासाठी जेसीबी थांबत नाही, हे मी दुसऱ्यांच्या रानात पाहिलंय. पण त्याआधी विहिरीची पाहणी होऊ शकते. त्यासाठी हरकत तुमच्या नावाने लागते, माझ्या एकटीच्या अर्जाने काही होत नाही. सोबतच्या कागदावर सही करा. सोमवारी विहीर बुजवली की ती होती हे दाखवायला काही उरणार नाही.

तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. कागद फळीवर ठेवाल आणि मामीला म्हणाल, "पोरगी येडी हाय." म्हणून सांगते, माझी नोकरी सांभाळायची वेळ गेली. अर्जावर आवक-शिक्का पडलाय. आता सही केली नाहीत तर नोकरीही जाईल आणि विहीरही. माझ्यासाठी एकदा गप्प राहिलात, त्यानंतर मला धड झोप नाही. पुन्हा गप्प राहू नका.

येत्या शुक्रवारी, तेरा तारखेला, सकाळी पहिल्या बसने येते, कागद न्यायला. घरात यायचा हक्क मी सांगत नाही, बांधाशी उभी राहीन. सही केली असेल तर कागद घेऊन या.

केली नसेल तरी या.

तुमची भाची,
तृप्ती