फिन म्हणजे कोण लोक

॥ श्री ॥
पाटण, ३ जानेवारी २०२५

चि. राजेश्वरीस, अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर तू टोमणे मारतीस आणि मी फोन आपटतो, म्हणून कागद घेतला. आपली लेक अंकिता फिनलंडहून आली हाय. सोबत तिथलाच मिक्को नावाचा पोरगा. लग्न त्याच्याशीच, न्हाईतर कुणाशीच न्हाई म्हणती. तिच्या भावानं, तुझ्या लाडक्या यशराजनं, त्या पोराची बॅग उसाच्या पाचटात घालून पेटवली. वर दाराच्या चौकटीत कोयता मारून ठेवलाय. अजून तिथंच हाय, कुणी काढत न्हाई.

पुढल्या रविवारी भावकी बसणार. चुलत्यांतला आपला उदयसिंह म्हणतोय, पोरगा गोरा असंना, पण फिन म्हणजे कोण लोक, नावाचा अर्थ काय, मूळ काय, हे कळल्याशिवाय पोरगी उंबरा ओलांडणार न्हाई. पोराला विचारलं तर म्हणाला, आम्हालाच नीट ठाऊक न्हाई. वर हसला. तू जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवलास, तर चार ओळी लिहून पाठव. घरची रीत तुला ठाऊक हाय. आलेलं पत्र सगळ्यांसमोर श्रीपासून सहीपर्यंत वाचायचं. तवा जपून लिही.

भावावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा दादा,
नाथाजी (सुभेदार, निवृत्त)


॥ श्री ॥
सांगली, ८ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादास, शि. सा. न. वि. वि.

आधी चौकटीतला कोयता काढ, मग पुढं वाच.

हे लोक आपल्या भाषेत स्वतःला फिन म्हणतच नाहीत. त्यांचा देश सुओमी. त्याचा अर्थ कुणी दलदलीची जमीन सांगतात, कुणी नुसतीच जमीन. विद्वानांचं एकमत नाही. फिन हे नाव शेजाऱ्यांनी दिलेलं. शेजारी काय काय म्हणतात, हे पाटण तालुक्याला मी सांगायला नको. त्यातही पूर्वी हे नाव उत्तरेला रेनडिअर राखणाऱ्या सामी लोकांना लावत, पुढं ते यांना चिकटलं. काही अभ्यासक त्याचं मूळ ‘शोधणे’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दात पाहतात. म्हणजे शोधत हिंडणारे, भटके शिकारी. खात्री कुणालाच नाही.

वरची ओळ भावकीसमोर मोठ्यानं वाचू नकोस.

भावकीला सांग, जमीनवाले लोक आहेत, तेवढंच त्यांना ऐकायचंय. आपल्याकडं पूर्वज कुठून आले विचारलं, तर प्रत्येकाचा तलवार घेऊनच आलेला असतो. पोट भरेल तिथं थांबला, असं एकाही घराण्यात घडलेलं नाही.

अंकिताला जप. बहिणीची जीभ तिखट असली तरी तिला तोडू नये.

तुझी,
राजेश्वरी


॥ श्री ॥
पाटण, १४ जानेवारी २०२५

चि. राजेश्वरीस आशीर्वाद.

अंकिताला आणि त्या पोराला मिरजेच्या दवाखान्यात हलवल्यापास्नं तू त्यांच्याजवळ हाईस. अंकितानं काय सांगितलं ठाऊक न्हाई, मी पाहिलं ते लिहितो.

रविवारी तुझं पत्र रीतीनं वाचलं. ‘भटके शिकारी’ वाचलं, आणि त्याच दमात ‘वरची ओळ वाचू नकोस’ हेही माझ्याच तोंडातनं गेलं. कुणी हसलं न्हाई. उदयसिंह म्हणाला, म्हंजे पालं ठोकून राहणारे, आणि बहीण लपवा म्हणती म्हंजे खरंच असणार. त्यानं पितळी तांब्या पोराच्या तोंडावर हाणला. दात सतरंजीवर पडले. मग सगळेच उठले. फिनलंड कुठं हाय हे ज्यांना ठाऊक न्हाई, त्यांनीपण लाथा घातल्या. पोरगा डोकं धरून पडला, उलटा हात उचलला न्हाई. यशराजनं चौकटीतला कोयता उपसला. अंकिता मधी पडली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं उंबऱ्याशी पडली. मी सरहद्दीवर गोळीबारात उभा राहिलोय, राजे. इथं हातात कागद धरून बसून राहिलो.

आता पोलीस जबाबाला येतील. यशराजचं फौजेत जायचं ठरलंय, ते बुडंल. अंकिताला समजाव, बोटं कडबा-कुट्टीच्या यंत्रात गेली असं सांग म्हणावं. एवढं म्हटलं तर लग्नाला भावकीचा होकार हाय. उदयसिंहनं तसा शब्द दिलाय.

भावाचा एवढा शब्द राख.

नाथाजी


॥ श्री ॥
मिरज, १८ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादास सा. न.

तुझा निरोप अंकिताला जसाच्या तसा सांगितला. तिनं विचारलं, मिक्कोचा जबडा कुठल्या कुट्टीत गेला?  

जबाब झाला. यशराज, उदयसिंह आणि लाथा घालणारे, सगळे नावानिशी. कोयता चौकटीत आधीपासून होता हे तिनं सांगितलं, आणि घरात सुभेदार असून तो कुणी काढला नाही, हेही. सही डाव्या हातानं केली. वाकडी आली, पण वाचता येते. लग्न ते दोघं करणार आहेत. भावकीचा होकार तिनं परत पाठवलाय.

मिक्कोचा जबडा तारांनी बांधलाय. मोबाइलवर लिहून बोलतो. काल त्यानं विचारलं, आपल्याला मारणाऱ्या त्या लोकांना काय म्हणतात? मी म्हटलं, भावकी. मग त्यानं शब्दाचं मूळ विचारलं. याबाबत विद्वानांत वाद नाही, दादा. मी सांगितलं, भाऊ. त्यानं अंकिताच्या बँडेजकडं पाहिलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

माझी माया आटत नाही, ही माझी अडचण. घरची रीत मात्र मोडू नकोस. जे अटकेबाहेर उरले असतील त्यांना बसव आणि हे पत्र श्रीपासून सहीपर्यंत मोठ्यानं वाच. यातली एकही ओळ गाळायची नाही.

तुझी,
राजेश्वरी